खंडेनवमीचं पंक्चर

आबांनी माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला लाथ घातली आणि वाकून कान लावला. एसटीचा टायर असाच तपासतात, आणि त्यांनी हयातभर तेच केलं होतं. पण माझा टायर अंगठ्याएवढा रुंद. लाथेसरशी सायकल कोलमडली आणि आईनं नुकत्याच काढलेल्या रांगोळीत आडवी झाली. आबांनी तिच्याकडं समाधानानं पाहिलं. हवा बरी आहे, म्हणाले.

उजाडत होतं. मी हेल्मेटचा पट्टा आवळत उभी होते. मी तेव्हा विट्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. शाळेतल्या पोरींना पळवायची, उड्या मारायला लावायची, आणि घरी आले की आबांसमोर मांजर व्हायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणी कोल्हापूरहून कन्याकुमारीपर्यंत सायकलनं जाणार होतो. बाकी तिघींच्या घरून होकार आले होते. माझ्या घरून परीक्षा आली होती.

आबा सरळ नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. पण त्यांनी तशी सोय ठेवली नव्हती. ते म्हणाले, विट्याहून औंधच्या यमाईला सायकलनं जायचं आणि परत यायचं, मी बरोबर येतो. वाटेत काही बिघडलं तर दुरुस्ती तुझ्या हातानं झाली पाहिजे, मी बोट लावणार नाही. कुठली वस्तू घरी विसरलीस तरी नापास. नापास झालीस तर ह्या घरात कन्याकुमारीचं नाव निघायचं नाही. आई मधे पडून म्हणाली, अहो, पोरगी सव्वीस वर्षांची आहे. आबा म्हणाले, गाडी कितीही जुनी असली तरी रस्त्यावर काढायच्या आधी तपासावीच लागते.

हा माणूस एसटीचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला, पण त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते निवृत्तीनंतरही लग्नाकार्याला लावून जायचे. रस्त्यावरचा आपण सोडून प्रत्येक माणूस वेडा आहे असं धरून चालवायचं, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. त्या दिवशी त्यांनी स्वतःची काळी, जुनी सायकल बाहेर काढली होती आणि तिच्या हँडलला कुठल्याशा ट्रकचा आरसा बांधला होता. आरसा एवढा मोठा की वारा सुटला की सायकल आपोआप उजवीकडं वळायची. मी आणलेलं हेल्मेट त्यांनी घातलं, पण गांधी टोपीच्या वरून. टोपी काढून घाला म्हटलं तर म्हणाले, यमाईला बोडक्या डोक्यानं जाऊ काय.

दिवसही त्यांनीच निवडला होता, खंडेनवमीचा. पहाटे उठून त्यांनी देवघरापुढं हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, जॅक, कोयता, खुरपं, आईची विळी, अडकित्ता, घरातलं लोखंड म्हणून जे काही होतं ते हळदीकुंकू लावून ओळीनं निजवलं होतं. मी त्या वेळी आंघोळीला गेले होते, नंतर निघायच्या घाईत लांबूनच हात जोडले. माझी निळी पिशवी रात्रीच भरून सीटमागं घट्ट बांधलेली होती. टायर उघडायच्या पट्ट्या, पाना, ठिगळं, जादाची ट्यूब, छोटा पंप, सगळं एका खणात, ज्याला जी जागा त्या जागी. पंक्चर तर मी डोळे बांधून काढून दाखवलं असतं.

निघताना आबांनी मला घंटी दोनदा वाजवायला लावली. डबल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणाले. मग आम्ही हललो.

पहिल्या टप्प्यात आबा मागं होते. परीक्षक मागंच असतो. मागून अखंड सूचना येत होत्या. उतारावर ब्रेक दोन्ही दाब, एकटा पुढचा दाबशील तर तोंडावर पडशील. तहान लागायच्या आधी पाणी पी. उसाच्या ट्रॉलीच्या अगदी मागं राहू नको, दोर तुटला तर अख्खा फड अंगावर येईल. सगळं खरं होतं, हीच त्यातली पंचाईत. चुकीचं काही सांगितलं असतं तर मला उलट बोलता आलं असतं. मी मुकाट्यानं सगळं करत होते आणि मनातल्या मनात स्वतःला गुण देत होते. चहाला थांबलो तोवर मी चांगल्या मार्कांनी पास होत आले होते.

त्या चहाच्या टपरीवर आबांचा फोन वाजला. आईचा होता. आबा फोन कानाला लावून कडेच्या चिंचेखाली गेले. मला बोलणं ऐकू आलं नाही, पण त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू ताठ होत गेली. परत आले तेव्हा चेहरा असा की मला वाटलं घरी काहीतरी झालं.

काय म्हणत होती आई, मी विचारलं. काही नाही, म्हणाले. मग म्हणाले, घट चांगला उगवलाय. चहा तसाच टाकून ते उठले आणि माझ्या सायकलभोवती एक फेरी मारली. निळ्या पिशवीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, आता मी पुढं चालवतो, तू मागून ये, माझ्या चाकाच्या रेषेतून जरासुद्धा हलायचं नाही.

तिथून पुढं आबांना काय झालं ते मला कळेना. ते चालण्याच्या वेगानं सायकल चालवायला लागले. मान खाली, नजर डांबरावर. थोडं गेलं की उतरायचे, रस्त्यावरून काहीतरी उचलायचे आणि शेतात भिरकावायचे. मी जवळ जाऊन पाहिलं तर बाभळीचा काटा. पुढं एका शेतकऱ्यानं कुंपणासाठी बाभळी तोडून रस्त्याकडेनं ओढत नेल्या होत्या, तिथं तर आबांनी सायकल स्टँडला लावली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि रस्ता झाडायला सुरुवात केली. अर्धा रस्ता, नीट, काठापासून मधल्या पट्ट्यापर्यंत.

मागून एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि हेल्मेट घालून रस्ता झाडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं की मंत्री येणार आहेत का. आबांनी त्याला हातानंच पुढं जायची खूण केली. मला लाज वाटून मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा, हे काय चाललंय, मी विचारलं. ते म्हणाले, रस्ता बघून चालवावी, हे शिकवतोय. परीक्षेतल्या प्रश्नाला अर्थ असलाच पाहिजे असं काही नसतं, हे शिक्षिका असल्यानं मला माहीत होतं.

त्याच्या पुढं ओढ्याकाठी काटे इतके होते की झाडून संपेनात. आबा म्हणाले, सायकल उचल. मी उचलली. आणि बघते तर मागचं चाक आबांनी धरलेलं. बोट लावणार नाही म्हणणारा माणूस दोन्ही हातांनी माझी सायकल तोलत काट्यांमधून पाय टाकत चालला होता आणि घामानं निथळत होता. मला संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल. मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं, आणि आपली तयारी किती पक्की आहे याचा मला उलट अभिमान वाटला.

असा सगळा रस्ता काटेमुक्त करत आम्ही कळंबवाडीत शिरलो. गावाच्या तोंडाशीच देवीचा मांडव होता. आबांनी हेल्मेटसकट मान वाकवून नमस्कार केला, आणि तेवढ्या क्षणभर त्यांची नजर रस्त्यावरून उठली. मांडव ठोकताना पडलेला खिळा माझ्या मागच्या चाकात गेला. फुस्स असा मोठा आवाज झाला. आबांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

मी मात्र खूश झाले, खरं सांगते. एवढी तयारी करून यायचं आणि पंक्चरसुद्धा होऊ नये, याला काय अर्थ. मी बाह्या सरसावल्या, सायकल उलटी केली आणि निळ्या पिशवीचा खण उघडला. वर फडकं होतं. फडक्याखाली धपाटे होते. धपाट्यांखाली शेंगांची चटणी, तिच्याखाली दोन केळी, आणि तळाला, पिशवीला वजन यावं म्हणून की काय, एक नारळ.

मी पिशवी झटकली. उलटी केली. धपाटे आबांच्या पुढ्यात मांडले. "आबा, माझी हत्यारं कुठायत?"

आबा देवीच्या मांडवाकडं बघत होते. "सामान तुजं," म्हणाले, "मला काय इचारतीस?"

मला रडूच आलं. रात्री मी स्वतः भरलेली पिशवी, आणि आता त्यात नारळ. आईनं मायेपोटी हे केलं असणार असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात आईला इतकं बोलले की तिला उचक्या लागल्या असतील. वस्तू विसरली, नापास. कन्याकुमारी तिथंच, कळंबवाडीच्या वेशीत, बुडाली. तिघी मैत्रिणींना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले. पण आबा हललेले नव्हते. परीक्षा संपली असं ते म्हणाले नव्हते. थोड्या वेळानं घसा खाकरून म्हणाले, समोर सायकलचं दुकान दिसतंय, बघ तुला काय जमतंय ते.

दुकान होतं, पण त्यातला धंदा बंद होता. दुकानदार पोपटतात्या पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, कपाळाला गुलाल लावून दुकानाच्या मध्यभागी मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्यासमोर पाटावर त्यांची सगळी हत्यारं झेंडूच्या फुलांत निजली होती. मी अडचण सांगितली. तात्यांनी अडचण पूर्ण ऐकून घेतली, वाईटही वाटून घेतलं आणि उद्या यायला सांगितलं. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय हलत नाही. त्यांच्या वडिलांनी हलवलं नव्हतं, ते हलवणार नव्हते. मी एक धपाटा पुढं केला. तात्यांना नऊ दिवसांचा उपास होता.

मग मी हुज्जत सोडली आणि मास्तरकी सुरू केली. पूजेत नाही असं दुकानात काय काय आहे, विचारलं. तात्यांनी विचार केला. ठिगळं आणि सोल्युशन हा खपायचा माल, त्याची पूजा होत नाही, ते मिळेल. टायर उघडायला पट्ट्या मिळणार नाहीत. मी म्हटलं, घरातले दोन चमचे द्या, दांड्यानं उघडते. चमचा हत्यारात मोडतो की नाही यावर तात्या बराच वेळ अडले. शेवटी आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला की विळी नेलीत, सुरी नेलीत, भाज्या अख्ख्या शिजवतेय, आता चमच्यांचा कायदा मी सांगेन. दोन चमचे बाहेर आले, मागोमाग पाण्याची बादलीही आली.

चाक न काढताच मी टायरची एक कड चमच्यांनी उचलली, ट्यूब ओढून काढली, बादलीत बुडवून बुडबुडे पाहिले. कानस पूजेत होती म्हणून ट्यूब पायरीच्या खरबरीत दगडावर घासली. सोल्युशन लावलं, वाळू दिलं, ठिगळ दाबून बसवलं. आबा शेजारी उभे होते. ते इतके वाकले होते की त्यांच्या हेल्मेटची सावली माझ्या हातावर पडत होती. मला काही सांगायचं त्यांच्या अगदी ओठावर आलेलं दिसत होतं, पण सांगण्यासारखी चूक त्यांना सापडत नव्हती. टायर पुन्हा बसला तेव्हा तात्यासुद्धा बरं म्हणाले.

राहिली हवा. आणि पंप पूजेच्या मधोमध उभा होता, गळ्यात माळ, कपाळाच्या जागी हळदीकुंकू.

"त्यो न्हाई मिळायचा," तात्या मी विचारायच्या आधीच म्हणाले. चमच्यांसारखं त्यात काही करता येण्याजोगं नव्हतं. तोंडानं काही ट्यूब फुगत नाही. गावात दुसरा पंप होता, तोही कुणाच्या तरी देवघरात निजलेला. मी पायरीवर बसले. एवढं सगळं करून शेवटी हवेसाठी अडले याचं मला फार वाईट वाटलं.

मग आबा बोलले. हळू, चाचरत. अक्षता टाकून, माफी मागून, एवढा एकच पंप जरा वेळ हलवला तर चालणार नाही का, त्यांनी तात्यांना विचारलं. मी आ वासून बघत राहिले. आमच्या घरी एका खंडेनवमीला भिंतीत खिळा ठोकायचा होता, तर ह्याच माणसानं हातोडी द्यायला नकार दिला होता आणि पाहुण्यांचे कपडे दिवसभर खुर्चीवर पडून होते.

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "चालंल. पर ज्याच्यापायी ही पाळी आली, त्यानंच देवीम्होरं हात जोडाय पायजेत. आन् खरं काय ते बोलाय पायजे. माज्या डोक्यावर पाप नको."

चाक माझं, परीक्षा माझी, म्हणून मी उठले आणि चपला काढल्या. आबांनी माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं.

"तू न्हाई," म्हणाले.

त्यांनी बूट काढले. हेल्मेट काढलं, टोपी सारखी केली. पंपासमोर गुडघे टेकून बसले आणि हात जोडले. आम्ही दोघं मागं उभे होतो, पण त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. ते पंपाशीच बोलले, मोठ्यानं, एसटीच्या चौकशीत जबाब द्यावा तसं.

"आई यमाई, पोरीची तयारी पुरी हुती. पिशवीतनं हत्यारं म्या काढली. येवडं लांब न्यायची हायती, त्येंनाबी कुंकू लागावं म्हनून. पूजा झाल्यावर हिच्या आईला म्हनलं, पिशवीत म्हागारी ठिव. ती म्हनली, मांडल्यालं हलवाचं न्हाई, आन् मला न इचारता धपाटं घातलं. मला टपरीवर कळलं. तवा बोलाय पायजे हुतं. परीक्षा घ्यायला निगालो आन् म्याच चुकलो, हे पोरीला सांगायला त्वांड उचललं न्हाई. काटं येचत आलो. खिळा चुकला. माफ कर."

त्यांनी पंपावर अक्षता टाकल्या, माळ काढली आणि पंप उचलून माझ्याकडं दिला. तात्यांनी डोळे पुसले; उपासानं माणूस हळवा होतो. मी हवा भरली. आबा पंप परत जागेवर ठेवून आले, माळ घातली, फुलं पहिल्यासारखी लावली.

आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. घंटी दोनदा वाजवायची आठवण कुणाला राहिली नाही. गाव मागं पडलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो उपरण्यानं रस्ता झाडणारा माणूस होता, आणि एक गोष्ट काही केल्या जुळत नव्हती. न राहवून मी विचारलं.

"आबा, हत्यारांशिवाय पंक्चर झालं की मी नापासच होणार होते. तुम्हाला तेच हवं होतं ना? मग काटे कशाला वेचलेत?"

चढ होता, त्यांना धाप लागली होती. चढ संपल्यावर बोलले.

"तुला आडवायचं आसंल तर म्या तोंडानं आडवीन, उजे. काट्यानं न्हाई."

"मग आता अडवताय?"

"तेच तर जमंना झालंय की." ते समोर बघत होते. "भ्या वाटतंय मला. ट्रक बगितलं की वाटतंय, पाऊस बगितला की वाटतंय. तुज्या हातात कायबी कमी न्हाई, ते आज बगितलं. तरीबी वाटतंयच. ते माजं म्या बगून घीन. तू जा कन्याकुमारीला."

आबा घाबरतात हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि दिसलंही नव्हतं. मी नुसती पेडल मारत राहिले. समोर औंधचा डोंगर आणि त्यावरचं देऊळ दिसायला लागलं होतं. आबा माझ्या बरोबरीनं चालवत होते, बोलता बोलता सरकत सरकत पार रस्त्याच्या मधोमध गेले होते, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. दुरून एक ट्रक येताना दिसला.

"आबा, कडेला या," मी म्हटलं. "माझ्या मागं राहा."

ते मुकाट्यानं आले.